ताठ मान: ‘ओरेफ’ या इब्री शब्दाविषयीं

(निर्गम, अध्याय ३२ ते ३४ वाचून मग हें वाचावें.)



सोन्याच्या वासराची गोष्ट ज्या तीन अध्यायांत सांगितली आहे, त्यांत इस्राएल लोकांस चार वेळां एकच विशेषण लाविलेलें आढळतें. ते ‘ताठ मानेचे’ लोक होते. तीन वेळां हा शब्द परमेश्वराच्या तोंडीं आहे (३२:९, ३३:३, ५) आणि चौथ्या वेळीं मोशेच्या (३४:९). आपल्या मंडळ्यांतहि हा शब्द पुष्कळदां कानीं पडतो. सासू तो सुनेविषयीं वापरिते, पंच आपलें न ऐकणाऱ्याविषयीं, उपदेशक मंडळीविषयीं, आणि उपदेशकाची पाठ फिरली म्हणजे मंडळी उपदेशकाविषयीं. स्वतःविषयीं तो वापरणारा मनुष्य क्वचितच भेटतो. यास्तव हा शब्द पवित्र शास्त्रांत कोठें कोठें आला आहे व त्याचा मूळ अर्थ काय, याचा आज आपण थोडा शोध करूं.

मूळ इब्री भाषेंत ‘कशे ओरेफ’ असे दोन शब्द आहेत. ‘कशे’ म्हणजे कठीण. ‘ओरेफ’ याचा अर्थ आपण सरसकट ‘मान’ असा करितों, परंतु त्यास अधिक जवळचा मराठी शब्द ‘मानगूट’ हा आहे. म्हणजे डोक्याच्या खालीं मागच्या बाजूस जो भाग असतो तो. सगळ्या मानेस किंवा गळ्यास इब्रींत दुसरा शब्द आहे, ‘सव्वार’. एसाव धांवत येऊन याकोबाच्या गळ्यांत पडला (उत्पत्ति ३३:४) तेथें ‘सव्वार’ आहे. फारोनें योसेफाच्या गळ्यांत सोन्याची सांखळी घातली (उत्पत्ति ४१:४२) तेथेंहि तोच शब्द आहे. आणि जूं ज्यावर ठेवितात तीहि बहुधा सव्वारच. ओरेफाची गोष्ट निराळी आहे. अशा बारीक भेदाकडे लक्ष देणें हें केवळ विद्वानांचें काम आहे असें कोणी समजूं नये. केडगांव येथें पंडिता रमाबाई यांनीं इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, छापून प्रसिद्ध झालें. खेड्यांतील साध्या स्त्रियांस वचन नीट समजावें म्हणूनच त्यांनीं तो श्रम केला.

जुन्या करारांत ‘ओरेफ’ हा शब्द सुमारे ३३ वेळां आला आहे. लढाईंत मनुष्य पळूं लागला म्हणजे आपण म्हणतों कीं त्यानें पाठ दाखविली. इब्री लोक म्हणत कीं त्यानें ओरेफ फिरविलें. आय नगरापुढें इस्राएलाचीं ३६ माणसें पडलीं व बाकीचे पळाले, तेव्हां यहोशवानें परमेश्वरापुढें हेंच दुःख सांगितलें, कीं इस्राएलानें शत्रूंस आपलें ओरेफ दाखविलें, आतां मीं काय बोलावें (यहोशवा ७:५, ८). याकोबानें मरतांना यहूदास आशीर्वाद दिला कीं तुझा हात तुझ्या शत्रूंच्या ओरेफावर राहील (उत्पत्ति ४९:८). ईयोब आपल्या क्लेशांत म्हणतो कीं देवानें माझें ओरेफ धरून मला आपटलें (ईयोब १६:१२). मराठींत मानगूट धरणें म्हणतात तेंच हें. एकंदरीत ओरेफ ही शरीराची अशी जागा आहे कीं तेथें डोळे नाहींत, कान नाहींत, तोंड नाहीं. ज्याकडे ती जागा फिरविली त्यास आपण पाहत नाहीं, व तोहि आपलें मुख पाहूं शकत नाहीं.

मग ‘कठीण मानगूट’ हा प्रयोग कसा निघाला? बहुतेक टीकाकार सांगतात कीं तो शेतांतून, बैलावरून घेतलेला आहे, आणि शेतकऱ्यास हें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. वळण लागलेला बैल कासरा जरासा ओढला कीं डावी-उजवी मान वळवितो. द्वाड गोऱ्हा तसें करीत नाहीं. धनी ओढतो तिकडे न वळतां तो मानगूट ताठ करून उभा राहतो, आणि जूं खांद्यावर आलें कीं अंग काढून घेतो. होशेय संदेष्ट्यानें इस्राएलास हट्टी कालवडीची उपमा दिली आहे (४:१६). नहेम्याच्या पुस्तकांत ताठ मान व मागें ओढलेला खांदा हीं दोन्हीं एकाच वचनांत जोडून आलीं आहेत (९:२९). तेथें लेखकाच्या डोळ्यांपुढें औताचा बैलच उभा होता यांत मला शंका वाटत नाहीं. यशया याहून कठोर बोलतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणें त्या लोकांच्या मानगुटींतील शीर लोखंडाची होती व कपाळ पितळेचें होतें (४८:४).

फ्रान्स देशांतील त्र्वा नगराचा राशी नांवाचा यहूदी शास्त्री (१०४०–११०५) याचा दुसरा अर्थ सांगतो. जे बोध करावयास आले त्यांच्याकडे या लोकांनीं आपली कठीण मानगूट फिरविली व ऐकण्याचें नाकारिलें, असें त्याचें म्हणणें. हा अर्थ यिर्मयाच्या वचनांशीं चांगला जुळतो. त्या संदेष्ट्याद्वारें देव तक्रार करितो कीं यांनीं माझ्याकडे मुख न करितां ओरेफ केलें आहे, आणि संकट आलें म्हणजे मात्र ऊठ, आम्हांस वांचीव अशी हांक मारितात (२:२७). हें वर्णन फार ओळखीचें आहे. पीक उभें असतां, लेंकरें धडधाकट असतां, उपासनेची घंटा ऐकूनहि मान वळत नाहीं. आणि घरांत ताप आला कीं रात्रीं दोन वाजतां उपदेशकाचें दार वाजतें. उपदेशकानें तें दार उघडावें, हें सांगणें नलगे. परंतु ज्याचें दार वाजलें त्यानें हेंहि ध्यानीं घ्यावें कीं देवानेंहि तें उघडलें.

येथें कोणी एक प्रश्न विचारील, आणि त्यानें तो विचारावाच. तो म्हणेल, ‘आमच्या वाडवडिलांची मान पिढ्यानपिढ्या वांकलेलीच होती. वाड्यापुढें जोहार करितांना ती वांकली, वेठीस जातांना वांकली, भाकरी मागतांना वांकली. आतां कोठें ती सरळ झाली आहे. मग शास्त्र ती पुन्हां वांकवावयास सांगतें काय?’ कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें, ज्यांत महारवतनहि होतें, रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला. तेव्हां ती आठवण फार जुनी नाहीं, आणि ज्यांच्या घरांत ती आहे त्यांस ताठ मानेविरुद्ध उपदेश करणाऱ्यानें आधीं स्वतः विचार करून बोलावें. कित्येकदां या प्रश्नास वाईट उत्तर दिलें गेलें आहे. ख्रिस्ती मनुष्यानें कोणापुढेंहि मान खालीं घालून राहावें, हक्क मागूं नये, अन्याय मुकाट्यानें सोसावा, असें सांगण्यासाठीं हींच वचनें पुढें केलीं गेलीं. हा वचनांचा दुरुपयोग होय.

इस्राएल लोक तरी कोण होते? चिखलविटांच्या कामांत ज्यांचे जीव कडू झाले होते असे दास. मिसर देशांत शिफ्रा व पुआ या सुइणींनीं फारोची आज्ञा मोडून इब्री मुलगे जगविले. त्यांस शास्त्र कोठेंहि ताठ मानेच्या म्हणत नाहीं; देवानें त्यांचें बरें केलें असें म्हणतें (निर्गम १:१५–२०). फारोस ‘नाहीं’ म्हटल्याबद्दल देवानें कोणास हा दोष लाविलेला नाहीं. उलट लेवीय २६:१३ पाहा. तेथें परमेश्वर सांगतो कीं मीं तुमच्या जुवाच्या दांड्या मोडल्या व तुम्हांस ताठ उभें राहून चालावयास लाविलें. ताठ उभें राहून चालणें हें देवाचें दान आहे, आणि तें ज्यानें दिलें त्याच्या हांकेला मानगूट कठीण करणें हा ओरेफाचा दोष आहे. एका गोष्टीस दुसऱ्या गोष्टीचें नांव देऊं नये.

आणि या दोन गोष्टींचा परिणामहि किती निराळा! नहेम्याच्या नवव्या अध्यायांत लेवी लोक आपल्या पूर्वजांचें पाप कबूल करितांना सांगतात कीं त्यांनीं आपली मान ताठ केली, आणि पुन्हां दास्यांत परत जाण्यासाठीं एक पुढारी नेमिला (९:१६, १७). देवापुढें जी मान लवली नाहीं ती फारोकडे वळली. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं तर तें डोळ्यांपुढेंच घडलें: ज्यांनीं परमेश्वराचें ऐकण्यास मान वळविली नाहीं ते एका ओतीव वासरापुढें लवले. आपणांतहि असें होतें. मंडळींतील वडील माणसानें दोन शब्द सांगितले तर सहन होत नाहीं, आणि दारूच्या गुत्त्यावर, सावकाराच्या ओट्यावर, भगताच्या अंगाऱ्यापुढें तीच मान किती सहज खालीं जाते!

मराठी भाषेंत एक गंमत आहे. ‘ती मान’ म्हणजे शरीराचा अवयव, आणि ‘तो मान’ म्हणजे सन्मान. दोन्ही शब्द मुळांत वेगळे आहेत, परंतु आपल्या भांडणांत ते फार जवळ येतात. ती मान ताठ होते ती बहुतेक वेळां त्या मानासाठीं. लग्नांत आहेर कोणास आधीं दिला, नाताळाच्या सणांत पहिलें आसन कोणाचें, वर्गणीच्या यादींत कोणाचें नांव खालीं पडलें, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांस मानगूट दाखवीत फिरतात. एक प्रभुभोजनास आला कीं दुसरा उठून जातो. त्यांस विचारावें तर प्रत्येक जण म्हणतो, ‘मी देवापुढें नम्र आहें, फक्त त्याच्यापुढें वांकणार नाहीं.’ परंतु अनुवाद १०:१६ मध्यें मोशेनें मान ताठ न करण्याची आज्ञा देऊन लगेच पुढील वचनांत काय सांगितलें आहे तें वाचावें. देव कोणाचा पक्षपात करीत नाहीं, लांच घेत नाहीं, पोरक्याचा व विधवेचा न्याय करितो, परक्यावर प्रीति करितो, आणि तुम्हींहि परक्यावर प्रीति करावी. म्हणजे मान मऊ झाली कीं नाहीं हें शेजाऱ्याच्या दारींच कळतें.

हिज्कीया राजानें यरुशलेमांत वल्हांडण सण पाळण्यासाठीं उत्तरेकडील वंशांस जासूदांबरोबर पत्रें पाठविलीं. त्यांत त्यानें विनंति केली कीं तुमच्या वडिलांप्रमाणें मान ताठ करूं नका, परमेश्वरास हात द्या (२ इतिहास ३०:८). मराठी वाचकास ‘हात द्या’ हा प्रयोग चांगला समजतो. पुष्कळांनीं त्या जासूदांची थट्टा केली. तरी आशेर, मनश्शे व जबुलून यांतून कांहीं लोक नम्र होऊन आले. ते नियमाप्रमाणें शुद्ध झालेले नव्हते, तसेच भोजनास बसले. आणि राजानें त्यांच्यासाठीं प्रार्थना केल्यावर परमेश्वरानें त्यांस बरें केलें (३०:१०–२०). जे दूर राहिले त्यांचे विधि पुरे होते कीं नाहीं हें आपणांस सांगितलेलें नाहीं. जे आले त्यांचे अपुरे होते, हें मात्र सांगितलें आहे.

नीतिसूत्रें २९:१ यांत ज्यास वारंवार बोध झाला तरी जो ओरेफ कठीण करितो त्याविषयीं लिहिलें आहे कीं तो एकाएकीं मोडेल व त्यावर उपाय राहणार नाहीं. उपदेशक बंधूंनो, हें वचन आपण इतरांस पुष्कळ वेळां ऐकविलें आहे. आपणांस बोध करणारा गांवांत बहुधा कोणी नसतो. म्हणून आपलें ओरेफ नकळत कठीण होत जातें. घरची बायको कांहीं बोलली तर तें ऐकून घ्यावें.

आतां निर्गम ३४:९ याकडे वळूं. माझ्या मतें या शब्दाच्या साऱ्या इतिहासांत हें वचन सर्वांत आश्चर्यकारक आहे. ३३:३ मध्यें परमेश्वरानें सांगितलें होतें कीं मी तुमच्यामध्यें राहून वर येणार नाहीं, कारण तुम्ही ताठ मानेचे लोक आहां, वाटेंत मी तुमचा नाश करीन. येथें ‘कारण’ यासाठीं इब्रींत ‘की’ असा एक लहानसा शब्द आहे. मग मोशे पर्वतावर जातो, परमेश्वर त्याच्या पुढून जातांना आपलें नांव प्रगट करितो, दयाळू व मंदक्रोध असें. मोशे तत्काळ भूमीपर्यंत लवतो. ज्यास साऱ्या राष्ट्राची ताठ मान वाहावयाची होती त्याची स्वतःची मान आधीं जमिनीस लागली. आणि मग तो मागतो काय? प्रभूनें आमच्यामध्यें चालावें, ‘की’ हे लोक ताठ मानेचे आहेत; आणि आमचा अपराध व आमचें पाप यांची क्षमा करावी.

तोच ‘की’, तेंच कारण! देवानें जें न येण्याचें कारण म्हणून सांगितलें तेंच मोशे येण्याचें कारण म्हणून परत पुढें ठेवितो. कित्येक भाषांतरकारांस हें इतकें विलक्षण वाटलें कीं त्यांनीं येथें ‘जरी’ असा अर्थ घेतला. व्याकरणानें तो अगदींच अशक्य नाहीं, परंतु साधा अर्थ ‘कारण’ हाच आहे, आणि प्रार्थनेचें सगळें बळ त्यांतच आहे. पाय मोडलेला मनुष्य वैद्यास असें सांगत नाहीं कीं माझा पाय मोडला आहे, तरी या. तो म्हणतो, मोडला आहे म्हणून या. हे लोक नीट वळणारे असते तर एखादा देवदूत पुढें चालला असता तरी भागलें असतें, आणि देवदूत पाठविण्याचें देवानें कबूलहि केलें होतें (३३:२). परंतु अशा लोकांस देवदूत पुरणार नाहीं. त्यांस स्वतः देवच पाहिजे. शिवाय मोशेनें वासरू केलें नव्हतें, तरी तो ‘त्यांचें पाप’ म्हणत नाहीं, ‘आमचें’ म्हणतो. मंडळीविषयीं तक्रार घेऊन जे प्रार्थनेस बसतात त्यांनीं या सर्वनामाजवळ थोडें थांबावें.

याच अध्यायांत, अकरा वचनें पुढें, एक लहान नियम आहे. आपण तो वाचून पुढें जातों. गाढवाचा पहिला वत्स कोकरूं देऊन सोडवावा, न सोडविल्यास त्याची मान मोडावी (३४:२०, १३:१३ येथेंहि). ‘मान मोडणें’ यासाठीं इब्रींत जें क्रियापद आहे, ‘आराफ’, तें ओरेफाचेंच भावंड आहे. गाढवाचा हट्ट कोणास सांगावयास नको. तें अशुद्ध जनावर होतें, वेदीवर अर्पण करितां येत नव्हतें. त्याच्यापुढें दोनच मार्ग होते: त्याच्या ऐवजीं कोकरूं, नाहीं तर मोडलेली मानगूट. ज्या लोकांस त्याच अध्यायांत कठीण मानगुटीचे म्हटलें, त्यांच्या घरीं गाढवी व्याली कीं दर वेळीं हा प्रश्न अंगणांत उभा राहत असे. कोकरूं कोठून आणावें? योहान बाप्तिस्मा करणाऱ्यानें यार्देनेजवळ येशूकडे बोट दाखवून त्यास देवाचें कोकरूं म्हटलें, तेव्हां हें ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं असे गोठे असतील.

नव्या करारांत हा शब्द एकदांच येतो, स्तेफनाच्या भाषणांत (प्रेषितांचीं कृत्यें ७:५१). जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत ‘कशे ओरेफ’ यासाठीं जो शब्द योजिला होता तोच तो वापरितो. ऐकणाऱ्यांनीं दांत खाल्ले, कान झांकले व त्यास दगडमार केला. त्या वेळीं साक्षीदारांचीं वस्त्रें सांभाळीत शौल नांवाचा एक तरुण उभा होता. दिमिष्काच्या वाटेवर त्यास जी वाणी ऐकूं आली तीहि औताच्याच भाषेंत होती: पराणीवर लाथ मारणें तुला कठीण जातें (२६:१४). बैल लाथ मारतो तो पराणीस, पण टोंचतें त्यालाच.

जूं वाईट असेल तर बैलाचा खांदा सुजतो, म्हणून पोळ्याच्या आधीं खांदेमळणी करितात. प्रभूनें मत्तय ११:२९, ३० यांत आपल्या जुवाविषयीं जो शब्द वापरिला त्याचा अर्थ सुखावह, अंगास बसणारें असा आहे. जस्टिन मार्टर या दुसऱ्या शतकांतील लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं येशू सुताराचें काम करीत असतां नांगर व जुवें बनवीत असे. जूं नीट तासलेलें नसेल तर काय होतें हें तो जाणत होता.

शौलानें तें जूं घेतलें. पुष्कळ वर्षांनंतर, पौल या नांवानें, तो बंदींत असतां त्यानें फिलिप्पै येथील मंडळीस पत्र लिहिलें. त्या मंडळींत युवदीया व सुंतुखे या दोन बहिणी होत्या. दोघींनींहि सुवार्तेच्या कामीं त्याच्याबरोबर श्रम केले होते, आणि आतां दोघींचें एकमेकींशीं जमत नव्हतें. त्या कशावरून भांडल्या हें त्यानें लिहिलें नाहीं, चूक कोणाची हेंहि नाहीं. त्यानें प्रत्येकीस वेगळी विनंति केली कीं प्रभूमध्यें एकचित्त व्हावें. आणि तेथील एका सहकाऱ्यास त्यानें या बहिणींस साहाय्य करावयास सांगितलें (४:२, ३). त्या सहकाऱ्यास तो ज्या ग्रीक शब्दानें हांक मारितो त्याचा अर्थ आहे, एका जुवाखालचा सोबती.